फायरवॉल अपग्रेड करून आठ महिने झाले: अडवा, पण काय अडवलं ते सांगा

हा अनुभव मार्चमध्येच लिहायला बसले असते तर एका ओळीत संपला असता: अपग्रेड करू नका. आता नोव्हेंबर आहे. मत थोडं बदललंय, राग मात्र पूर्ण गेलेला नाही.

सांगलीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. तीन मशीन, एक प्रिंटर, एक राउटर. टॅली ह्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं मल्टियूजर लायसन्स माझ्या मशीनवर. बाकीच्या दोन मशीन तिथूनच लायसन्स उचलतात, डेटाही माझ्याच मशीनच्या शेअर फोल्डरमध्ये. तिन्हीवर एकाच कंपनीचा पैसे भरून घेतलेला फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा तपासून अडवणारा प्रोग्रॅम), तीन वर्षांसाठी २,८५० रुपये. प्रॉडक्टचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांच्याकडे आहे ते पॉपअपच्या वर्णनावरून ओळखतील.

विंडोजमध्ये फायरवॉल फुकट असताना वेगळे पैसे कशाला, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा स्वतःहून पसरणारा व्हायरस आला तेव्हा मी एका सीएंच्या ऑफिसात नोकरीला होते. इंटरनेट जोडलं की विंडोज एक्सपीच्या मशीनवर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद. एका ताळेबंदाचं काम आम्ही त्या दिवशी चार वेळा पहिल्यापासून केलं. एक्सपीत फायरवॉल होता, पण तो बंद असायचा. पुढच्या वर्षी सर्व्हिस पॅक २ हे मोठं अपडेट आलं तेव्हापासून तो आपोआप चालू राहायला लागला. तरी विंडोजचा फायरवॉल मुळात बाहेरून येणाऱ्याला अडवतो, आतून बाहेर जाणाऱ्याला आपण नियम लावल्याशिवाय अडवत नाही. मला दोन्ही दारांवर माणूस हवा होता, म्हणून २००५ पासून वेगळा फायरवॉल ठेवते.

तर १८ मार्च. ‘नवं व्हर्जन उपलब्ध आहे’ असा निरोप आला, दुपारी जेवायच्या सुट्टीत तिन्ही मशीनवर लावून टाकलं. रीस्टार्ट झालं, इंटरनेट चालू, मेल चालू, सगळं आलबेल दिसलं.

१९ ला सकाळी कामाला बसलो तर दुसऱ्या मशीनवरची मुलगी म्हणाली, “मॅडम, टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतंय.” लायसन्स मिळालं नाही की टॅली ह्या शिकाऊ मोडमध्ये जातं. व्हाउचरला १, २ आणि ३१ सोडून दुसरी तारीखच घेईना. तिसऱ्या मशीनवर तेच. शेअर फोल्डरही दिसेना. आणि माझ्या मशीनवर, जिथे टॅली नीट चालत होतं, तिथे डीएससीचं (डिजिटल सहीचं) डोंगल लावून एका प्रायव्हेट लिमिटेड क्लायंटचं ३बी, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र, सही करायला गेले, तर जीएसटी पोर्टल म्हणतंय सर्व्हरशी जोडणी होत नाही, ईएमसायनर (डोंगलवरची सही पोर्टलपर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम) पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केलं. अकरा वेळा केलं. प्रोप्रायटर क्लायंट असता तर ओटीपीवर भरून मोकळी झाले असते, कंपनीला डीएससीशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्या दिवशी २० तारीख, ३बी भरायची शेवटची. उशीर झाला की रोजचे ५० रुपये आणि कराच्या रकमेवर १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम क्लायंटच्या खिशातून जाते आणि नाव माझं जातं.

हार्डवेअरवाल्या दादांना बोलावलं. ते आले आणि पहिलंच वाक्य, “मॅडम, तो फायरवॉल काढूनच टाका, सगळीकडे हेच सांगतोय मी.” तात्पुरता बंद केला, सगळं चालू झालं. म्हणजे दोषी सापडला. पण बंद ठेवून काम करायला मी तयार नव्हते. फाइल शेअरिंग चालतं ते ४४५ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारातून. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो ह्याच वाटेनं, आणि मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती त्याच्या दोन महिने आधी येऊन पडली होती. ज्यांनी ती लावली नाही आणि ही वाट उघडी ठेवली, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. माझ्या मशीनवर दोनशेच्या वर क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, सोळा नंबरचे फॉर्म आहेत.

मग मी पुराव्यानिशी बघायला बसले. दुसऱ्या मशीनवर पॉवरशेल (विंडोजची कमांड द्यायची खिडकी) उघडून माझ्या मशीनच्या ९९९९ पोर्टवर, म्हणजे टॅलीचं लायसन्स जिथून मिळतं तिथे, जोडणी होते का ते तपासलं. उत्तर: फॉल्स, म्हणजे नाही. ४४५ ला: फॉल्स. म्हणजे माझ्या मशीनवरचा फायरवॉल येणाऱ्याला अडवतोय हे नक्की. मग त्याच्या नोंदीत ते दिसायलाच हवं. लॉग शोधला. जुन्या व्हर्जनमध्ये तो पहिल्याच पानावर होता, नव्यात चार क्लिक आत आहे. उघडला, अकरा वाजून दहाच्या आसपासच्या ओळी पाहिल्या. एकही नाही. यादी साडेपाच-पावणेसहाच्या पुढे जातच नव्हती.

दीड तास मी ह्या समजुतीत घालवला की लॉग बंद पडलाय. दुपारी चहा घेताना लक्षात आलं की ५:४० ची एक ओळ आहे आणि त्या वेळी ऑफिस बंद होतं, मशीनही बंद होती. ५:४० अधिक साडेपाच तास, ११:१०. लॉग आपल्या वेळेत नाहीच, ग्रीनिच वेळेत आहे! जुन्या व्हर्जनमध्ये मशीनच्या घड्याळाची वेळ यायची. ह्यांनी ती बदलली आणि कुठेही एका शब्दानं सांगितलं नाही. स्तंभाच्या डोक्यावर नुसतं ‘वेळ’ असं लिहिलंय.

मला माहीत आहे, वाचणारे म्हणतील एवढीशी गोष्ट. पण मला ही एवढीशी वाटत नाही. फायरवॉल हा पहारेकरी. त्यानं कुणाला अडवलं, कधी अडवलं, कुठल्या दारात अडवलं, हे नीट सांगितलं नाही तर आपल्याला चोर आणि पाहुणा ह्यांतला फरक कळणार कसा? जुन्या पॉपअपमध्ये प्रोग्रॅमचं नाव, तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पूर्ण पत्ता, समोरचा आयपी, पोर्ट आणि दिशा, सगळं यायचं. नव्यात हिरवी खूण आणि एक वाक्य: ‘तुमचं नेटवर्क सुरक्षित ठेवलं आहे.’ कशापासून? माझ्याच टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मुलीपासून?

वेळेचं कोडं सुटल्यावर बाकी वीस मिनिटांचं काम होतं. अपग्रेडमध्ये माझे जुने नियम आलेच नव्हते. ऑफिसचं नेटवर्क त्यानं नवीन समजून ‘सार्वजनिक’ म्हणून टाकलं होतं, जसं एखाद्या हॉटेलच्या वायफायला टाकेल तसं. म्हणून ९९९९ बंद, ४४५ बंद. ईएमसायनर आपल्याच मशीनच्या आत १५८५ पोर्टवर ऐकत बसतो, त्याला ‘अनोळखी प्रोग्रॅम’ म्हणून गप्प केलं होतं. नेटवर्क ‘विश्वासू’ केलं, फक्त त्या दोन मशीनच्या आयपींना दोन पोर्ट उघडले, ईएमसायनरला परवानगी दिली. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सही झाली. दोन्ही मशीनवरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, मला मात्र हात थरथरत असल्याचं तेव्हा जाणवलं.

सर्व्हिसचा अनुभव वेगळा सांगावा लागेल. त्या दिवशी सकाळीच चॅट केलं होतं. पहिले दोघे म्हणाले अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका. तिसऱ्यानं मशीनचा ताबा मागितला. क्लायंटचा डेटा उघडा असताना मी तो देणार नाही म्हटल्यावर, विंडोजच्या अपडेटमुळे झालं असेल, असं सांगून तक्रार बंद केली. विंडोजच्या अपडेटनं असं कधी होतच नाही असं नाही. २००८ च्या जुलैत मायक्रोसॉफ्टनं डीएनएसमधल्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेतल्या) मोठ्या दोषावर दुरुस्ती दिली, प्रश्न पाठवायचे पोर्ट बदलते केले, आणि झोनअलार्म हा फायरवॉल वापरणाऱ्या असंख्य लोकांचं इंटरनेट एका रात्रीत बंद पडलं. पण तेव्हा कारण सगळ्यांसमोर आलं आणि थोड्याच दिवसांत दुरुस्त केलेलं व्हर्जनही आलं. मला आठ महिन्यांत लॉगच्या वेळेबद्दल चार मेल करूनही ‘आपली सूचना नोंदवली आहे’ यापलीकडे उत्तर नाही.

मिरजेत आमच्याच व्यवसायातले एक स्नेही आहेत, एकच मशीन, तेच व्हर्जन. त्यांना काडीचा त्रास झाला नाही. उलट मशीन आधीपेक्षा लवकर सुरू होतं म्हणतात, आणि ते खरं आहे, माझ्याकडेही होतं. पुण्याचा माझा भाचा घरून काम करतो, त्याच्या कंपनीचा व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, दर अर्ध्या तासानं तुटायचा. त्यानं दोन दिवस पाहिलं आणि फायरवॉल काढून टाकला. एकटं मशीन असेल तर सुख, जोडणीचं काम असेल तर ताप, असं मला दिसतंय.

जूनमध्ये मात्र माझं मत हललं. नव्या व्हर्जनमध्ये एक पान आहे, कुठल्या प्रोग्रॅमनं महिन्यात किती डेटा बाहेर पाठवला ते दाखवणारं. मी तोवर उघडलंही नव्हतं. एका रविवारी सहज पाहिलं तर ब्राउझर आणि मेलच्या खाली तिसऱ्या नंबरवर पीडीएफ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर: १.३ जीबी. क्लायंटची स्टेटमेंटं एकत्र करायला आम्ही ते तीन वर्षं वापरत होतो. फायली मशीनवरच जोडणाऱ्या प्रोग्रॅमला एवढं बाहेर काय पाठवायचं असतं? जुन्या फायरवॉलला मी कधीतरी ‘परवानगी, कायम लक्षात ठेव’ म्हणून सांगून बसले होते, त्यामुळे त्यानं पुन्हा विचारलंच नाही. नव्यानं आकडा समोर ठेवला.

त्याच दिवशी ते तिन्ही मशीनवरून काढलं, ज्या क्लायंटच्या फायली त्यातून गेल्या होत्या त्यांना स्वतः फोन करून सांगितलं. दोघं रागावले, बाकीच्यांनी ऐकून घेतलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे पान नसतं तर ते आजही चालू असतं, ही गोष्ट मी ह्या फायरवॉलच्या खात्यावर जमा धरते आणि ती १९ मार्चच्या दिवसापेक्षा मोठी आहे.

आता लायसन्स १२ डिसेंबरला संपतंय. रिन्यूअलचा भाव तीन मशीनला वर्षाला १,९९९ दाखवतायत, आधी तीन वर्षांचे २,८५० दिले होते. एवढे मी देणार नाही. माझ्या मशीनवर, जिथे सगळा डेटा आहे, तिथे एकाचं लायसन्स घेणार. बाकी दोन मशीनवर विंडोजचाच फायरवॉल, त्यात बाहेर जाण्याचेही नियम स्वतः लावून. एक शनिवार जाईल, पण ते जमतं.

परवा, १७ तारखेला, पुन्हा ‘नवं व्हर्जन उपलब्ध’ आलंय. ह्या वेळी ‘नंतर’ दाबलं. सगळे नियम एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घेतलेत, आणि ९९९९, ४४५, १५८५ हे तीन आकडे दोन्ही मशीनच्या आयपींसकट कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. २० तारीख उलटली की आधी एकाच मशीनवर लावून बघेन. तुमच्यापैकी कुणी हे व्हर्जन आधीच लावलं असेल तर एवढंच सांगा: जुने नियम आपोआप आले का, आणि लॉगमधली वेळ आपली आहे की अजून साडेपाच तास मागे?