टेबलावरची शेगडी घ्यायची आहे: सपाट ग्रिल, राक्लेट की गॅसची?

थालीपिठाच्या दिवशी आमच्या घरी पंगतीत एक माणूस कमी असायचं. ताटं मांडलेली, लोणी मध्ये ठेवलेलं आणि आई ओट्याशी उभी. एक उतरवायचं, दुसरं टाकायचं, "गरम आहे तोवर खा" म्हणायचं. ती जेवायला बसायची तेव्हा बाकीच्यांचे हात धुऊन झालेले असत. टेबलावर ठेवायची शेगडी घ्यायचं मी ठरवलं ते यासाठी. म्हणून या तुलनेत माझं पहिलं माप एकच आहे: रांधणारं माणूस पहिल्या घासापासून बसून जेवू शकतं का? किंमत आणि धुणं-पुसणं त्यानंतर.

हुरड्याच्या वेळी हे आपोआप जमतं. आगटीभोवती सगळे बसतात, भाजलेली कणसं चोळून दाणे हातावर येतात आणि भाजणाराही त्याच गोलात खात असतो. पण ती आगटी शेतात असते. फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी आणू नका, छोटीसुद्धा नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि खिडकी उघडी ठेवली की झालं असं समजणं जिवावर बेतू शकतं. कोळसा अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवरच.

मग उरतात तीन.

सपाट विजेचा ग्रिल म्हणजे थर्मोस्टॅट असलेला मोठा तवाच. तिघांत हा सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा. थालीपीठ, कटलेट, सुरमईच्या तुकड्या, अर्धवट उकडलेल्या रताळ्याचे काप यांना उत्तम. घावनाला लागते तशी ताबडतोब आच मात्र तो देत नाही. त्याची खोड अशी, की प्लेट गच्च भरली की ती गार पडते. मग पनीर आणि मशरूम पाणी सोडतात आणि भाजण्याऐवजी त्यात शिजतात. अर्धी प्लेट रिकामी ठेवली तरच खरपूस रंग येतो. घेताना खाचांची प्लेट दिसायला छान वाटते, पण आपल्या पदार्थांना गुळगुळीतच हवी. बसण्याचं म्हणाल, तर भाजणारा बसतो खरा, पण सगळ्यांचं एकाच प्लेटवर असल्याने उलटणं, काढणं, वाढणं पुन्हा त्याच्याच गळ्यात पडतं. ओटा टेबलावर आला, एवढाच फरक.

राक्लेट इथे वेगळं ठरतं. हे मूळचं स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातलं. चीजचा मोठा अर्धगोल विस्तवासमोर धरायचा आणि वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यावर खरवडून घ्यायचा. फ्रेंचमध्ये खरवडण्याला 'राक्ले' म्हणतात, त्यावरून हे नाव. घरगुती यंत्र दुमजली असतं. वर भाजायची प्लेट, मध्ये तापणारी कॉइल आणि तिच्याखाली प्रत्येकाची स्वतःची छोटी कढई, बहुधा सहा किंवा आठ. जर्मनीत ३१ डिसेंबरच्या रात्री कितीतरी घरांत हेच मांडतात आणि तासन् तास जेवण चालतं.

त्या छोट्या कढया हा माझ्या दृष्टीने या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण. आमच्याकडे बाबा आणि वहिनी शाकाहारी, बाकीचे मासे-चिकन खाणारे. प्रत्येकाची कढई वेगळी असल्याने उष्ट्याचा प्रश्न नाही, संकष्टीवाल्याला वेगळं ताट मांडून बाजूला बसवावं लागत नाही. कोणी बटाटा-मका-चीज ठेवतं, कोणी अंडं फोडतं, मुलं आपापलं रचतात. वरच्या प्लेटचं मात्र आधी ठरवा: तिच्यावर फक्त शाकाहारी, किंवा शाकाहारी मंडळींचं सगळं खालच्या कढयांत. कढईत कच्चं चिकन घालू नका. आच वरून येते, वरचा भाग रंगतो आणि तळ कच्चा राहू शकतो. पनीरही तिथे वितळत नाही, कारण ते आम्लाने फाडलेलं असतं. मोझरेला किंवा साधं प्रोसेस्ड चीज घ्या.

दोष? वेळ. एक कढई व्हायला सहा-सात मिनिटं जातात. भुकेल्या मुलांना सुरुवातीला काहीतरी हातात द्यावंच लागतं. शिवाय हे महाग पडतं आणि इथे फारसे प्रकार मिळत नाहीत. जर्मनीतल्या नातेवाइकांकडून मागवलं तर व्होल्टेज आपल्यासारखंच असतं. पिन तेवढी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसह तीन पिनांची करून घ्यावी. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं आणू नका.

विजेच्या दोन्ही यंत्रांबाबत दुकानात कोणी सांगत नाही ते असं: घरातलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० ने गुणा, १३८० वॉट होतात. त्याहून जास्त वॉटच्या यंत्राला गीझरला असतं तसं १६ अँपिअरचं सॉकेट हवं, आणि ते जेवणाच्या टेबलापाशी क्वचितच असतं. पातळ वायरच्या एक्स्टेन्शनवर कधीही चालवू नका.

तिसरा पर्याय, ब्युटेनच्या कॅनवर चालणारी शेगडी आणि तिच्यावर कोरियन पद्धतीची उतरती प्लेट. कोरियात डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे जाड काप असे भाजतात. चरबी उतारावरून भोकातून खाली निघून जाते. काप टेबलावरच कात्रीने कापायचा, लेट्यूसच्या पानात लसूण आणि सामजांगसह (आंबवलेल्या सोयाबीनची तिखट चटणी) गुंडाळायचा आणि अख्खा तोंडात घालायचा. शेजारच्याला असा घास करून भरवण्याचीही तिथे पद्धत आहे. ते वाचल्यापासून या शेगडीबद्दल मला माया वाटते. भाजण्याची चवही तिघांत हिचीच सर्वांत चांगली, कारण आच खरी आणि लगेच. २२० ग्रॅमचा कॅन पूर्ण आचेवर सव्वा-दीड तास पुरतो.

तरी लहान मुलांच्या घरात मी ती घेणार नाही. कॅनवर येईल एवढी रुंद प्लेट कधीच ठेवायची नसते. कॅन तापून फुटू शकतो. पंखा लावला की ज्योत फडफडते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये घामाघूम होऊन जेवायचं. आणि धूर! कोरियन हॉटेलात बहुधा प्रत्येक टेबलावर धूर ओढणारा पाइप असतो, आपल्याकडे तो नसतो. दोघं-तिघं मांसाहारी, मोठी बाल्कनी, एवढं असेल तर मात्र डोळे झाकून हीच.

दोघांचंच घर असेल, बजेट कमी असेल, तर सपाट ग्रिल पुरे. पाच-सहा जण, शाकाहारी-मांसाहारी एकत्र, बरोबर आजी-नातवंडं असतील तर राक्लेटसाठी पैसे साठवा.

आमच्याकडे राक्लेटच आलं. वरच्या प्लेटवर तळहाताएवढी चार थालीपिठं एका वेळी बसतात. आई गोळे आधीच करून ओल्या फडक्याखाली ठेवते, थापायचा प्लॅस्टिकचा कागद आपल्या ताटाशेजारी घेते, आणि उलटायचं काम जो जवळ बसला असेल त्याचं. पहिलं थालीपीठ तिच्या ताटात जातं.