छोट्या पिस्तुलाला तेल की ग्रीस?

रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत परवान्याचं पिस्तूल सांभाळणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. आधी मॅगझिन (गोळ्यांचा खाका) काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ना ते बोटाने चाचपा.

गंजाला अडवायला तेल सोयीचं. नळीत, खाचाखोचांत पसरतं. पण ओघळतं, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला पुसून नव्याने लावा. ग्रीस रेलवर, म्हणजे स्लाइड जिच्यावरून सरकते त्या पट्टीवर, टिकतं, मात्र पुळणीची वाळू धरून ठेवतं आणि मग तीच धातू खाते. तेल असो वा ग्रीस, प्रत्येक रेलला एक थेंब पुरे. फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटणाऱ्या सुईच्या) भोकात, मॅगझिनमध्ये काहीच नको. काडतुसाच्या टोपीत (पिन आपटते त्या मागच्या स्फोटक भागात) तेल मुरलं तर बार फुसका जाऊ शकतो. खोबरेल? अजिबात नाही, चिकटा धरतं.

कमरेला बाळगायचं असेल, कपाटात ठेवायचं असेल, तर तेल; चामड्याच्या म्यानात मात्र ठेवून देऊ नका, ते ओल धरतं. नेमबाजीच्या रेंजवर सराव भरपूर असेल तर रेलला ग्रीस, बाकी सगळीकडे तेल.