स्वाध्याय हाती येण्याची वाट: गूगल क्लासरूमचा एका सत्राचा अनुभव

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात एम.कॉम. करताना अंतर्गत गुणांचे स्वाध्याय मला तीन वाटांनी मिळाले. पहिल्या सत्रात ते वर्गात तोंडी सांगितले जात आणि प्रश्नांची प्रत झेरॉक्सच्या दुकानात ठेवलेली असे, दुसऱ्या सत्रात ते मोबाइलवरच्या संदेशांच्या गटात येत आणि या तिसऱ्या सत्रात ते गूगल क्लासरूम या, शिक्षकांनी स्वाध्याय देण्याच्या आणि विद्यार्थ्यांनी ते सादर करण्याच्या ॲपवर आले. तिन्हींत क्लासरूम मला निःसंशय उजवे वाटते. राधानगरी किंवा गगनबावड्याकडून एसटीने येणाऱ्या मुलांचा पहिला तास गाडीच्या उशिरामुळे बुडाला, तर तोंडी सांगितलेला स्वाध्याय त्यांच्यापर्यंत पोहोचतच नसे, आणि गटात आलेली प्रश्नपत्रिका दोन दिवसांत शुभेच्छांच्या संदेशांखाली गाडली जाई. क्लासरूममध्ये मात्र ‘क्लासवर्क’ उघडले की प्रत्येक स्वाध्याय अंतिम तारीख आणि गुणांसह जागच्या जागी सापडतो.

मला सर्वांत मोलाची वाटली ती गुणांकनाच्या निकषांची सोय. परिव्ययाच्या (कॉस्टिंगच्या) स्वाध्यायाला आमच्या मॅडमनी आकडेमोडीला किती गुण आणि निष्कर्षाच्या स्पष्टीकरणाला किती, हे आधीच जोडून दिले होते; ते वाचल्यावर, आजवर मी केवळ कोष्टके भरून थांबत होते, हे माझ्या ध्यानात आले. वर्गात विचारायला संकोच वाटणारी शंका खासगी टिप्पणीत विचारता येते, हेही काही कमी नाही.

अडचण आहे ती हिशेबांची. ताळेबंद मोबाइलवर टंकणे जिकिरीचे असते, त्यामुळे वहीत सोडवून, पानांचे फोटो काढून, त्यांची पीडीएफ करून जोडावी लागते. अशा विषयांना कागदी प्रत स्वीकारली जावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय तारखेसोबत वेळ दिली नसेल, तर ॲप रात्रीचे ११:५९ धरते, हे नव्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

तरीही बरेच स्वाध्याय सत्राच्या शेवटच्या पंधरवड्यातच येतात, आणि ते कोणत्याही ॲपने सुटणारे दुखणे नाही. एका विषयाच्या सरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात तिन्ही स्वाध्याय टाकले होते. दिवाळीला गावी गेलेल्या माझ्या मैत्रिणींनी दुसरा तिथेच पूर्ण करून आणला.