रेझ्युमे लिहून देणाऱ्याने माझ्या कामाविषयी काहीच विचारले नाही

नोकरी बदलण्याच्या प्रयत्नात असताना माझ्या अर्जांना उत्तरे येईनाशी झाली, तेव्हा रेझ्युमे लिहून देणाऱ्या एका व्यावसायिक सेवेने देऊ केलेले मोफत परीक्षण मी मागवले. अहवाल लगेच आला. अर्ज साठवण्यासाठी व चाळण्यासाठी कंपन्या जी संगणकप्रणाली वापरतात, म्हणजेच एटीएस, तिच्यात माझ्या रेझ्युमेला शंभरपैकी अगदीच थोडे गुण मिळतात आणि कोणाच्या नजरेस पडण्याआधीच तो बाद होतो, असे त्यात ठामपणे लिहिले होते. वस्तुस्थिती अशी की अशा प्रणाली अनेक आहेत, प्रत्येक कंपनी त्यांची रचना आपल्या गरजेप्रमाणे ठरवते आणि सगळीकडे लागू पडेल असा एकच गुणांक अस्तित्वात नाही. तो आकडा उमेदवाराला घाबरवण्यासाठीच असतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तरीही नवा रेझ्युमे लिहून देण्याचे काम मी त्याच सेवेला दिले, आणि पूर्ण रक्कम आगाऊ घेण्यात आली. त्यानंतर लेखक सविस्तर बोलेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात पदे, तारखा आणि शिक्षण भरण्याचा एक फॉर्म तेवढा आला. साऱ्या फसवणुकीचे मूळ मला इथेच दिसते. जाणकार लेखक खोदून खोदून विचारतो: तुमच्याकडे नेमकी कोणती जबाबदारी होती, कोणती अडचण तुम्ही सोडवली, तुम्ही रजेवर असताना काय अडत असे. ज्याने हे विचारलेच नाही, त्याला रिकाम्या जागा कल्पनेने भराव्या लागतात.

तसेच झाले. ‘पुरवठादारांशी वाटाघाटी करून खर्चात ३० टक्के बचत साधली’ असे वाक्य मसुद्यात होते. वाटाघाटी माझ्याकडे कधीच नव्हत्या. गोदामातील साठा आणि खरेदीची बिले यांचा मेळ घालणे हे माझे काम होते, आणि त्यात एकाच मालाची दोनदा आलेली बिले पकडून थांबवली होती, जे खरोखर सांगण्यासारखे होते. हरकत घेतल्यावर ‘असे सगळेच लिहितात’ हे उत्तर मिळाले. मुलाखतीत ‘ही बचत कशाच्या तुलनेत?’ असा प्रश्न आला की उत्तर उमेदवारालाच द्यावे लागते, आणि पूर्वीच्या नोकरीच्या पडताळणीत खोटेपणा उघड झाला तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. लेखकाचे त्यात काहीच जात नाही.

पुढे फाइलचे गुणधर्म उघडून पाहिले, तर शीर्षकाच्या जागी हॉटेल व्यवस्थापकाच्या पदाचे नाव तसेच राहिलेले होते. दुसऱ्या कोणाचा तरी साचा वापरून मला नवा म्हणून विकला होता. तो पीडीएफमध्येच दिला होता, त्यामुळे मला दुरुस्ती करता येईना. त्यातील मजकूर नोटपॅडमध्ये उतरवून पाहिला तेव्हा दोन स्तंभांची सरमिसळ होऊन कंपनीचे नाव एकीकडे आणि तारखा भलतीकडे गेल्या, आणि कौशल्ये दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या तर उतरल्याच नाहीत. एटीएसची भीती दाखवून घेतलेल्या पैशांत एटीएसला नीट वाचता येणार नाही असाच रेझ्युमे हाती आला, याचा मला अजूनही संताप येतो.

‘समाधानाची हमी’ म्हणजे फक्त फेरदुरुस्ती, आणि काम सुरू झाल्यावर परतावा नाही, हे मला मागाहून कळवण्यात आले. म्हणून पैसे देण्यापूर्वी परताव्याच्या अटी आणि बदल करता येईल अशी फाइल मिळेल की नाही, हे लेखी मागावे. लेखकाशी आधी थेट बोलावे. तो स्वतःला प्रमाणित म्हणवत असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे खातरजमा करावी, आणि नोकरीची हमी देत असेल तर तिथेच थांबावे, कारण निवड त्याच्या हातात नसते. फॉर्ममध्ये ओळखपत्राचा क्रमांक मागितला तर देऊ नये. रेझ्युमे लिहिण्यासाठी तो लागत नाही. रक्कम कार्डाने भरली असल्यास बँकेकडे त्या व्यवहाराविरुद्ध हरकत नोंदवता येते, मात्र त्यासाठी ठरावीक मुदत असते, म्हणून जाहिरातीचे छायाचित्र, पावती, मसुदा आणि झालेला पत्रव्यवहार सुरुवातीपासून जपून ठेवावा.