टेलिमार्कचे बूट घेताना माझे ३८ हजार गेले

कोल्हापुरात बसून बर्फावरचे बूट घ्यायचे, तर हातात घेऊन बघायची सोयच नसते. त्याच अडचणीचा एका माणसानं फायदा घेतला. गुलमर्ग-औलीला जाणारी पोरं आपल्याकडंही आहेत, म्हणून झालं ते सगळं सांगतो.

टेलिमार्क हा स्कीइंगचा एक प्रकार, त्यात टाच स्कीला बांधलेली नसते. वळताना एक पाय पुढं जातो, मागचा गुडघा खाली येतो आणि टाच उचलते. त्यासाठी बूट चवड्यापाशी वाकावा लागतो. तिथं प्लॅस्टिकला पेटीच्या भात्यासारख्या चुण्या असतात आणि सगळा जोर त्यांच्यावरच येतो. मला गुलमर्गच्या गोंडोलानं, म्हणजे रोपवेनं, अफरवट डोंगरावर, जवळपास चार हजार मीटरवर जाऊन तिथनं मोकळ्या बर्फात जोरात उतरायचं होतं, आणि स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागं घसरू न देणारी पट्टी, लावून चढायचंही होतं. म्हणून घोट्याच्या वर उंच, कडक, चार बकलांचा आणि चालताना मागचा खटका सोडता येईल असा बूट हवा होता. माझी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायची पकड, जुन्या ७५ मिलिमीटर पद्धतीची. २००७ मध्ये एनटीएन ही बूट अडकवायची नवी पद्धत आली, तेव्हापासून या मापाचे दणकट नवे बूट कमी होत गेले. त्यामुळं वापरलेलेच शोधत होतो.

एकानं आठ फोटो पाठवले. निळ्या सतरंजीवर ठेवलेले काळे बूट, आरशासारखे चकचकीत. "सर, दोनच सीझन वापरलेत." वाकवून व्हिडिओ काढा म्हटलं, तर "अजून दोघं मागं लागलेत, आत्ता पैसे टाकले तर तुमचे." मी टाकले. ३८ हजार, यूपीआयनं, एका दमात.

खोकं उघडल्या उघडल्या बूटपॉलिशचा वास आला. प्लॅस्टिकच्या बुटाला पॉलिश कशाला, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. वर २७.५ चं, म्हणजे माझ्या मापाचं, लेबल होतं. आतला मऊ लायनर काढून नुसत्या कवचात पाय घातला आणि बोटं पुढं टेकवली. जोरात उतरणाऱ्यानं टाचेमागं एक-दीड बोट जागा ठेवावी, चढाई जास्त असेल तर दोन. माझी तीन बोटं आरामात गेली, म्हणजे बूट मोठाच होता. लेबल नंतर चिकटवलेलं होतं.

तरी मनाची समजूत घालत गच्चीवर गेलो, बकलं आवळली आणि वळणाची बैठक घेतली. चौथ्या-पाचव्या वेळी उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. डाव्या बुटाची चुणी आडवी फुटली होती.

पापाच्या तिकटीला आमच्या ओळखीचे एक चप्पल कारागीर आहेत. त्यांनी बूट दिव्याखाली धरला, नखानं चुणी खरवडली. काळा गोंद सालीसारखा निघाला. "दादा, हे आधीच फुटल्यालं हाय. भरून वरनं काळं केलंय." उजव्या बुटाचीही तीच गत.

मग शिरोलीत प्लॅस्टिकचे साचे करणाऱ्या मित्राकडं नेला. लायनर काढून त्यानं कवचाच्या आत बॅटरी मारली आणि रुपयाएवढा गोल शिक्का दाखवला. मध्ये ०३, कडेला महिन्यांचे आकडे, एकाकडं बाण. म्हणजे माल २००३ चा. पॉलियुरेथेनचं असं कवच हवेतला ओलावा शोषून वर्षानुवर्षं आतनं कुजत जातं, नुसतं कपाटात ठेवलं तरी, असं तो म्हणाला. "कमी वापरलेत" हे खरं असतं तरी उपयोग नव्हता. हाच बूट अफरवटच्या उतारावर फुटला असता तर, या विचारानं अजून झोप उडते.

विकणाऱ्याला फोन केला. "बघतो सर, अर्धे परत देतो," म्हणत त्यानं चार दिवस काढले, मग ब्लॉक केलं. ही माझी सगळ्यात मोठी चूक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर पहिल्याच दिवशी फोन करायला हवा होता, कारण पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. मी पाचव्या दिवशी तक्रार केली. अजून एक रुपयाही परत आलेला नाही.

मागच्या आठवड्यात तीच निळी सतरंजी पुन्हा दिसली, वेगळं नाव, वेगळा नंबर. या वेळी बूट राखाडी आहेत. मी चवडा वाकवलेला फोटो आणि कवचाच्या आतला शिक्का मागितला. दोन तासांत जाहिरात गायब झाली. कुणाला त्या सतरंजीवरचे बूट दाखवले गेले, तर हेच दोन फोटो मागा आणि ते येईपर्यंत एक पैसा पाठवू नका.