आधी तपासणी की युनिक इंडेक्स?

दुसऱ्या स्रोतातून आणलेले लेख वेबसाइटवर कोडमधून तयार करताना तोच लेख दोनदा येऊ नये, म्हणून त्याची नोंद आधीपासून आहे का, हे तपासून मगच ती घालण्याचा मार्ग सोपा आहे. वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या प्रणालीमधील ‘पोस्ट एक्झिस्ट्स’ हे फंक्शन प्रामुख्याने शीर्षकावरून हेच करते. मात्र स्क्रिप्ट एकाच वेळी दोनदा चालली, तर दोन्ही तपासण्यांना ‘नोंद नाही’ असेच उत्तर मिळून दोन लेख तयार होऊ शकतात. शिवाय शीर्षक बदलले की ओळखच हरवते. याउलट लेखाच्या मूळ स्रोतातील क्रमांकावर युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारे डेटाबेसचे बंधन) लावल्यास दुसरी नोंद डेटाबेसच नाकारतो (क्रमांकाचा रकाना ‘नल’ म्हणजे रिकामा राहिला, तर मात्र हा पहारा सहसा चालत नाही). वर्डप्रेसच्या पोस्टच्या तक्त्यात असा रकाना नसल्याने वेगळा तक्ता करावा लागतो. वारंवार चालणाऱ्या आयातीसाठी तेवढे कष्ट घ्यावेत, एकदाच चालवायच्या स्क्रिप्टला तपासणी पुरते.