मुलगी कॅलिफोर्नियात, आई-बाबा कोथरूडात: व्हॉट्सॲप कितपत पुरतं?

पुरतं, पण व्हिडिओ कॉलपेक्षा छोट्या निरोपांमुळे जास्त. रोजचा अर्धा तास दोन्हीकडे जमवणं कठीण. उन्हाळ्यात पुण्यात रात्री ८:३० म्हणजे तिकडे सकाळचे ८. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचं घड्याळ एक तास मागे जातं, मग ७. 'आज फोन उचलला नाही' या रुसव्याचं कारण बहुतेकदा हेच. फोनच्या घड्याळात दुसरं शहर घालून ते होम स्क्रीनवर ठेवा. (दुपारी १ ते ४ पुणेकर झोपतात, तेव्हा तिकडे मध्यरात्र. तेवढं मात्र जुळतं.)

सगळ्यात उपयोगी आहे व्हॉइस नोट. टायपिंग नको, चष्मा नको, आणि आवाजातला थकवाही कळतो. माइक दाबून वर सरकवला की लॉक होतो, बोट धरून ठेवावं लागत नाही. गोल व्हिडिओ निरोप ६० सेकंदांचा. फोडणी किंवा कुंडीतलं नवं फूल दाखवायला भरपूर.

स्क्रीन शेअर वीजबिल भरायला शिकवताना कामाचं, पण तेवढ्यात आलेला ओटीपी समोरच्यालाही दिसू शकतो. बँकेचं ॲप उघडण्याआधी स्क्रीन शेअर बंद करा.

त्रास साठवणुकीचा. 'गुड मॉर्निंग'ची फुलं नातवाच्या फोटोंची जागा खातात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज आणि डेटा, तिथे मॅनेज स्टोरेज. अनेकदा फॉरवर्ड झालेलं आधी उडवा. अँड्रॉइडवर बॅकअपही गुगलच्या मोफत १५ जीबीतच मोजला जातो. चित्र अडकत असेल तर ॲपला दोष देण्याआधी राउटर पाहा: जाड भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झच्या वायफायपेक्षा २.४ चं बरं पोचतं.